मनोरीतलं बैठं कौलारू घर: वादळ आणि उधाणाच्या पाण्यासाठी जूनआधी नेमकं काय करून घ्यावं?

शेवंती

मनोरी गावात बैठं घर आहे. समोरचा समुद्र साधारण चारशे मीटरवर, मागे सत्तर-ऐंशी मीटरवर खाडीचा फाटा. पुढची पडवी आणि माजघर मंगलोरी कौलांचं, मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी पत्र्याची. भिंती जुन्या विटांच्या, नऊ इंची. जोतं रस्त्यापासून दीड फूट. अंगणात ३ मीटर व्यासाची विहीर आहे, घराला लागून दोन माड आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवरच ठेवलेली. संडासाला सेप्टिक टँक. घरात दोघं, दोघंही सत्तरीपुढचे. त्यातल्या एकाला रोज इन्सुलिन.

हाताशी तीन आठवडे आहेत आणि खर्चाला मर्यादा आहे, सगळं छप्पर बदलणं शक्य नाही. टॉर्च-बिस्किटं-शिट्टीच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या नकोत. घराला आधी कुठे हात घालायचा, धास्ती वाऱ्याची जास्त धरायची की पाण्याची, आणि घर सोडायचं तर नेमकं कधी, हे सांगा. मार्वेची फेरी बंद झाली की उत्तन-भाईंदरचा रस्ता तेवढा उरतो.

उधाण

तुमच्या जागेला दोन्हींची धास्ती आहे, पण दोन्ही एकाच वेळी येतील असं धरून चला. तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ ला मुंबईजवळ किनाऱ्यावर चढलंच नव्हतं, बाहेरून गुजरातकडे निघून गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला आणि सांताक्रुझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगड किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वारा ११० ते १२० च्या घरात होता. त्यानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून 'तीन दिवसांचं सामान' हा हिशोब आपल्याकडे तोकडा आहे.

आता पाण्याचं. सगळे 'मुंबईत किती पाऊस' एवढंच बघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नाही. शहराचा आकडा गावाला लावण्यात अर्थ नसतो. तुमच्यासाठी कामाचा प्रश्न वेगळा आहे: भरतीच्या तक्त्यातल्या मीटरमध्ये मोजलं तर तुमचं जोतं किती उंचीवर आहे?

हे घरी काढता येतं. तक्त्यात बघून मोठ्या उधाणाचा दिवस निवडा, ४.५ मीटरच्या वरचा. पालिका दर पावसाळ्याआधी अशा भरत्यांची यादी काढतेच. पाऊस आणि वारा नसलेला दिवस हवा, म्हणून मे महिना बरा. पूर्ण भरतीच्या मिनिटाला मागच्या फाट्यावर जिथे पाणी टेकतं तिथे खुंटी ठोका. समजा त्या दिवशी तक्त्यात ४.६ आहे, तर खुंटीचा माथा म्हणजे ४.६ मीटर. मग गवंड्याची पाण्याची नळी, दहा मीटरची, घेऊन सात-आठ टप्प्यांत ती पातळी घरापर्यंत आणा आणि जोत्यावर रंगाने रेघ मारा. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं मोजमाप फसतं, तेवढं बघा. जोतं रेघेच्या ९० सेंटीमीटर वर भरलं तर ते साडेपाच मीटरवर आहे. पुढे वादळाच्या इशाऱ्यात 'भरतीपेक्षा एक मीटर उंच लाट' असं आलं आणि त्या वेळची भरती ४.३ असली, तर पाणी ५.३ पर्यंत. वीतभर वाचलात, पण लाटांची उसळी आणि पावसाचं साचलेलं पाणी धरलं तर नाही वाचलात. अशी बेरीज एकदा समोर आली की घाबरायचं कधी आणि झोपायचं कधी हे कळतं.

तक्ता हाताशी नसेल तर जुनी पाऊणकी: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. २००५ ची पौर्णिमा २१ जुलैला होती. २६ ला पाचवा दिवस, पाच पाऊणे पावणेचार. त्या दुपारची भरती खरोखर चारच्या दहा मिनिटं आधी, जवळपास साडेचार मीटरची होती. पाऊस पडायचा तो पडतच होता, त्यात नाल्यांची तोंडं भरतीने दाबली गेली. पाऊणकी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, तिच्यावर होडी सोडू नका, पण पाणी उतरायला कधी लागेल याचा अंदाज देते. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास अंगणातलं पाणी हलत नाही, पंप लावून उपसलं तरी परत येतं.

निघायचं कधी. हवामान खातं वादळाचा इशारा टप्प्याने देतं: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा, २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा, १२ तास आधी किनारा ओलांडल्यानंतरचा अंदाज. अरबी समुद्र फार वेळ देत नाही. निसर्गला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं २ जूनच्या दुपारी, दुसऱ्या दुपारी ते जमिनीवर होतं. त्यामुळे नाव पडायची वाट बघू नका. ४८ तासांच्या इशाऱ्यात मुंबई उपनगर, ठाणे किंवा पालघर जिल्हा आला की इन्सुलिनवाल्या माणसाला आणि सोबतच्याला त्याच दिवशी, उजेडी, फेरी चालू असताना मालाड-बोरिवलीकडे नातेवाइकांकडे हलवा. फेरी सगळ्यात आधी बंद होते. उत्तनच्या रस्त्यावर एक झाड आडवं पडलं की तोही संपला. बंदरावरच्या बावट्याकडेही लक्ष ठेवा: १ आणि २ नंबर दूरच्या समुद्रासाठी, ३ लागला म्हणजे बंदरातच सोसाट्याचा वारा, ८ ते १० ला तुम्ही आधीच बाहेर असायला हवं.

आणि मध्येच वारा एकदम पडला, आभाळ उजळलं, तर बाहेर कौलं गोळा करायला जाऊ नका. डोळा डोक्यावरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने आणि तेवढ्याच जोराने येतो. आधीच्या झोताने खिळखिळं झालेलं सगळं त्या दुसऱ्या झोतात जातं.

पाचवा_वासा

खर्च मर्यादित असेल तर पहिला पैसा मागच्या पत्र्यावर. सगळ्यांचा जीव कौलांत अडकलेला असतो, पण उडतो आधी पत्रा.

कारण साधं आहे. वारा छपराला दाबत नाही, वर खेचतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला ६८ किलोच्या आसपास. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्याजवळ खेच याच्या दीडपट-दुप्पट होते. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं जेमतेम पाच. कौलारू छपराची कडेची कौलं सुटतात आणि मधलं बरंचसं टिकतं. पत्रा मात्र एका कोपऱ्यातून सुटला की अख्खी रांग सोलली जाते. मुंबईसाठी भारतीय मानकातला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे १५८ च्या आसपास. सुताराला तो आकडा सांगा, 'आमच्याकडे एवढा वारा येत नाही' हे ऐकून घेऊ नका.

पत्र्याचं काम असं. बहुतेक घरांत पत्रा आडव्या लाकडाला एक सोडून दोन पन्हळींवर जे हुकने अडकवलेला असतो. खालच्या कडेला, आढ्याला आणि दोन्ही बाजूंच्या टोकांना प्रत्येक पन्हळीत एक पकड द्या. मध्ये एक सोडून एक चालेल. जे हुक जोरात सरळ होतो, म्हणून कडेच्या रांगांना यू बोल्ट घाला, लाकडाला खालून वळसा घालणारा. भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडायचं, खोलगटात नाही. वर डांबरी वॉशर आणि त्यावर रुंद लोखंडी वॉशर. नुसता खिळ्याएवढा वॉशर असला तर बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा त्याच्यातून फाटून जातो. खाऱ्या हवेत साधा बोल्ट चार-पाच पावसाळ्यांत कुजतो, जस्त चढवलेला किंवा स्टेनलेसच घ्या.

पण पत्रा लाकडाला कितीही घट्ट केला तरी लाकूड भिंतीला कशाने धरलंय? इथेच बहुतेकांची गोची होते. वासा भिंतीच्या माथ्यावर नुसता टेकलेला असतो, फार तर एक खिळा. तीन मीटर लांब आणि मीटरभर अंतरावरचा वासा धरला तर एकेका टोकाला सव्वाशे-दीडशे किलोची ओढ येते. त्यासाठी वाशावरून ३ मिलिमीटर जाड, ३० मिलिमीटर रुंद पट्टी घ्या. ती दोन्ही बाजूंनी भिंतीवर किमान तीन फूट खाली आणून तीन ठिकाणी पक्की करा. तीन फूट का, तर वरच्या दोन-तीन थरांना अडकवलं की तेवढ्या विटा घेऊन छप्पर वर जातं. नऊ इंची भिंतीचं वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या वर असतं, ते वजन पट्टीच्या कामाला यायला हवं. जुन्या विटेत फुगणारे अँकर ठोकू नका, वीट तडकते. आरपार बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी हातभर नव्हे, पण चार इंची चौकोनी प्लेट, हेच टिकतं.

कौलांचं काम त्यामानाने सोपं आणि घरचं आहे. खालच्या तीन रांगा, आढ्यालगतच्या दोन आणि दोन्ही टोकांच्या दोन-दोन उभ्या ओळी, एवढ्याच कौलांना तारेने रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, बांधा. मंगलोरी कौलाच्या पोटात नाकाला तारेसाठी भोक असतं, कित्येकांना ते माहीतच नसतं. तांब्याची किंवा प्लास्टिक चढवलेली तार घ्या, बांधताना कौलाला किंचित हलायला वाव ठेवा. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, सिमेंटात बसवा, पण सगळी कौलं सिमेंटने चिकटवू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, चिकटवलेलं कौल तडकतं आणि मग एक बदलायला पाच फोडावी लागतात.

पडवीचे वासे मुख्य छपराच्या वाशांचेच पुढे आलेले तुकडे आहेत का, ते बघून घ्या. असतील तर पडवीखाली शिरलेला वारा पडवी उचलताना मागचंही घेऊन जातो. पडवी स्वतंत्र खांबांवर आणि स्वतंत्र वाशांवर हवी, म्हणजे गेली तर एकटी जाईल. हे तीन आठवड्यांत होणार नसेल तर निदान पडवीचे खांब पायथ्याशी पट्टीने जोत्यात अडकवा. बाहेर आलेली वळचण दीड फुटापेक्षा जास्त असेल तर तेवढी कमी करा.

दारं-खिडक्या हे छपराचंच काम आहे, वेगळं नाही. समुद्राकडची एक खिडकी फुटली की वारा आत भरतो, आतून ढकलतो आणि वरून खेच चालूच असते. त्या बाजूच्या खिडक्यांना १२ मिलिमीटर प्लायचे तुकडे आताच कापून, भोकं पाडून, कोणता कुठला ते मागे लिहून ठेवा. आयत्या वेळी पाना फिरवायचा तेवढा बाकी राहिला पाहिजे. काचेवर चिकटपट्टीची फुली मारून काहीही होत नाही. पत्र्यावर दगड आणि टायर ठेवणं तर उलट घातक, तेच गोफणीतल्या दगडासारखे सुटतात. वरची प्लास्टिकची पाण्याची टाकी वादळाआधी काठोकाठ भरा. हजार लिटर म्हणजे टनभर वजन, ती जागची हलत नाही. रिकामी असली तर शेजाऱ्याच्या छपरावर सापडते.

माडांचं म्हणाल तर सुक्या झावळ्या, पोय आणि तयार नारळ मे अखेरीस उतरवून घ्या. माड एरवी वाकतो, सहसा मोडत नाही. मुळाशी पोकळ वाजत असेल किंवा बुंध्याला भुंग्याची भोकं असतील तर वेगळं. तोडायचाच झाला तर पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते आणि ती तीन आठवड्यांत हातात पडेल असं धरू नका. अर्ज आजच.

शेवटचं: ५० जादा कौलं, १८ बाय २४ ची जाड ताडपत्री आणि दहा-बारा लाकडी पट्ट्या घरात ठेवा. छप्पर फाटलं तर ताडपत्री दोरीने बांधून भागत नाही, फडफडून तासाभरात चिंध्या होतात. कडा पट्टीला गुंडाळून पट्टी खिळ्याने ठोकायची. आणि हे वारा पूर्ण पडल्यावर, दुसऱ्या दिवशी.

बारा_गेज

छपरावर वरच्यांनी बोलून घेतलंय, मी विजेपुरतं बोलतो. पुराच्या घरात माणूस बुडण्याआधी शॉकने जातो.

मेन स्विचनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी असणं म्हणजे तो असणं नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. त्याच्यावर टी लिहिलेलं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. बटन नीट चाललं म्हणजे अर्थिंग नीट आहे असं होत नाही, ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्या. किनाऱ्यावर अर्थिंगचा पाइप आणि त्याची जोडणी फार लवकर गंजते.

घरातले सगळे सॉकेट जमिनीपासून किमान चार फुटांवर घ्या. ते शक्य नसेल तर खालच्या सॉकेटांची लाइन वेगळी करून तिला स्वतंत्र एमसीबी द्या. पाणी अंगणात आलं की ती बंद करायची, वरचे दिवे-पंखे चालू राहतात. मीटर खाली असेल तर तो स्वतः हलवू नका, वीज कंपनीकडे अर्ज करा.

आता तुमचा इन्व्हर्टर. मेन बंद केला की घरात वीज नाही, हा समज इन्व्हर्टर असलेल्या घरात जीव घेतो. मेन पडताच तो बॅटरीवर जातो आणि त्याच ओल्या सॉकेटात २३० व्होल्ट देत राहतो. मेनवरच्या आरसीसीबीचा आधार बॅटरीवर चालताना मिळेलच असं नाही, म्हणून इन्व्हर्टरच्या बाहेर जाणाऱ्या लाइनला वेगळा आरसीसीबी बसवून घ्या. पाणी जोत्याला टेकलं की क्रम असा: आधी इन्व्हर्टर पुढच्या बटनाने बंद, मग मेन बंद. बॅटरी जमिनीवरून उचलून साडेतीन-चार फुटांच्या लोखंडी घोडीवर ठेवा. ती भिंतीला बोल्टने अडकवा, कारण बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. वरच्या बाजूला हवा खेळती हवी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. कपाटात कोंडू नका.

१५० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून प्रत्यक्षात एक युनिटच्या आसपास वीज पदरात पडते. दोन एलईडी दिवे आणि एक बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा मिळून पन्नास वॉट धरला तर वीस तास. जुना पंखा एकटाच सत्तर-ऐंशी वॉट खातो. फ्रिज लावला तर रात्र निघणार नाही. पॉवर बँकवर १०,००० लिहिलेलं असलं तरी पाच हजारवाल्या फोनला ती एकदा पूर्ण आणि वर थोडी, एवढीच पुरते. बाकीचं व्होल्टेज बदलण्यात जातं. दोन ठेवा.

पाणी येऊन गेल्यावर मेन वर करून 'बघू चालतंय का' हे करूच नका. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट वाळवून वापरायचे नसतात, फेकायचे. वायर वाचू शकते, पण पाइपात पाणी राहतं. खारं पाणी असेल तर ते वाळल्यावरही मीठ मागे राहतं आणि पुढच्या दमट दिवशी तेच मीठ ओल ओढून गळती करतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग वाळवायचं, मग वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरची गळती मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक लाइन मोजायची. एक मेगओहमच्या खाली आली ती लाइन जोडायची नाही. विहिरीच्या पंपालाही हेच.

गॅसचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगतो. गॅस १४.२ किलो, लोखंड पंधरा-सोळा किलो, मिळून तीस, आणि तो पाणी सारतो पस्तीस लिटरच्या वर. पाणी कमरेला आलं की तो आडवा होतो, नळी ओढली जाते आणि रेग्युलेटर निखळतो. पाणी घरात यायच्या आत रेग्युलेटर काढा, प्लास्टिकची टोपी लावा. सिलिंडर उभा ठेवून साखळीने भिंतीतल्या कडीला बांधा.

निवळी

वरच्या तिघांनी घर वाचवलं, आता पोट आणि संडास.

पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं. सेप्टिक टँकच्या आजूबाजूची जमीन भरली की सगळं उलटं फिरतं. टाकीतून घराकडे येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो, पण तो झडपेचा असतो आणि झडपेत कापूस-केस अडकला तर उघडाच राहतो. पावसाळ्याआधी उघडून साफ करायचा. आयत्या वेळचा उपाय म्हणजे चार इंची पाइपात बसणारा, पेच फिरवून फुगणारा रबरी बूच. भांड्यावर नुसती वाळूची पिशवी ठेवली तर वास थांबतो, पाणी नाही. न्हाणीच्या जाळीलाही बूच हवा. टाकी प्लास्टिकची असेल तर जूनच्या तोंडावर उपसून रिकामी ठेवू नका, जमिनीतलं पाणी चढलं की रिकामी टाकी पाइप तोडून वर येते.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी दिवसाला पाच लिटर, दोघांना दहा दिवसांचे शंभर. वीस-वीसचे पाच कॅन, झाकणवाले. एक मोठं पिंप नको, ते एकदा नासलं की सगळं गेलं, आणि सत्तरीतल्या माणसाला ते हलवता येत नाही.

विहिरीची भीती खाऱ्या पाण्याची. पावसाचं घाण पाणी शिरलं तर क्लोरीनने काम भागतं. खाडीचं शिरलं तर उकळून आणि क्लोरीन टाकून खारटपणा जात नाही. तेव्हा पंप लावून एका दमात तळ गाठू नका. आपल्या किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, जोरात उपसलं की खालचं खारं वर ओढलं जातं. थोडं उपसा, भरू द्या, परत थोडं, असे कित्येक दिवस. त्यापेक्षा कठडा आताच उंच करून घ्या, उधाण यांच्या रेघेवरून किती ते ठरेल. कठड्याभोवती उतरता सिमेंटचा ओटा करा.

क्लोरीनचा हिशोब: पाण्याची खोली ४ मीटर धरली तर तुमच्या ३ मीटरच्या विहिरीत ३.१४ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ४ भागिले ४, म्हणजे सव्वाअठ्ठावीस घनमीटर, २८,००० लिटरच्या आसपास. चांगल्या ब्लीचिंग पावडरची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम. ही मात्रा निवळ पाण्याची. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी गाळ काढा आणि टाकल्यावर तासाने तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक दिसायला हवं, नसेल तर परत मात्रा. पावडर सरळ फेकायची नाही. थोड्या पाण्यात लापशी करा, बादलीभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती दोरीने विहिरीत खालीवर करा. पत्र्याच्या डब्यात ठेवलेली किंवा मागच्या वर्षीची उघडी पिशवी बिनकामाची, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

इन्सुलिन: चालू कुपी बहुतेक प्रकारांत तीसच्या आतल्या तापमानाला चार आठवडे टिकते, पण आपल्या कुपीवरची सूचना वाचून ठेवा. वीज गेल्यावर छोटा माठ मोठ्या माठात, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. दमट हवेत माठ मे महिन्याइतका गार करत नाही, पण पत्र्याच्या स्वयंपाकघरापेक्षा पुष्कळ बरा. बर्फाला टेकवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. दोन आठवड्यांचा साठा, सुया आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत एकाच डब्यात.

साचलेल्या पाण्यातून चाललात तर लेप्टोच्या गोळीसाठी ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा. पायाला जखम असेल तर ते आवर्जून सांगा, मात्रा त्यावर ठरते. मधुमेहींच्या पायाची जखम स्वतःला कळतही नाही, रोज तळवे बघा.

शेवंती

सगळ्यांचे आभार. पट्ट्या, यू बोल्ट आणि इन्व्हर्टरची घोडी या आठवड्यात घेते. दोन शंका. दाराला खाचेत बसणारी फळी करायची तर किती उंच? इथला गवंडी साडेतीन फूट म्हणतोय. आणि विमा घ्यावा का, घर जुनं आहे.

पाचवा_वासा

साडेतीन नको. दोन फूट, त्याच्या वर नाही. दोन फूट पाणी एक मीटर रुंद फळीला १८० किलोने ढकलतं, तीन फूट चारशेने. फळी सहन करेल, भिंतीचं काय? बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असलं की तोच दाब जुन्या विटांच्या लांब भिंतीवर आडवा येतो, आणि ती भिंत उभं वजन पेलायला बांधलेली आहे. दोन फुटांच्या वर पाणी चढायला लागलं तर फळी काढा आणि पाणी आत येऊ द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण फरशी धुता येते.

१८ मिलिमीटर मरिन प्लाय, दोन्ही चौकटींना आणि उंबऱ्याला ॲल्युमिनियमची यू पट्टी, आत रबरी फीत, वरून दोन पाचर. उंबरा सपाट नसेल तर सगळं पाणी खालूनच येईल, आधी तो घोटून घ्या. आणि निवळींचे बूच नसतील तर फळीचा खर्च फुकट.

उधाण

फळीबद्दल सहमत, एक भर. फळीच्या बाहेर वाळूच्या गोण्या लावणार असाल तर गोणी अर्ध्याच्या थोडी वर भरा. गच्च भरलेल्या गोण्या गोल होतात, मधल्या फटी भरत नाहीत. तोंड आत दुमडून, विटांसारखे सांधे चुकवून रचा, खालून जाड प्लास्टिक. समुद्राची वाळू उपसू नका, बेकायदा आहे. विटांचा चुरा किंवा माती चालते.

विमा घ्या, पण कागद नीट वाचा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यायला लावली आहे. त्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात, आणि घराच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाख, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. रक्कम बाजारभावाची नसते, पुन्हा बांधायच्या खर्चाची असते. वादळ समुद्रात दिसायला लागल्यावर घ्यायला जाल तर कंपनी हात वर करते.

पुराव्याचं काम आताच: पट्ट्या लावून झाल्या की छप्पर आतून-बाहेरून, मीटर, पंप, फ्रिजवरचा नंबर, सगळ्याचे तारीख दिसेल असे फोटो. नुकसान झालं तर पाण्याची रेघ भिंतीवर ओली असतानाच फूटपट्टी धरून फोटो घ्या. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत फुटकी कौलं अंगणातच एका बाजूला रचून ठेवा, टाकून देऊ नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यात विहीर आणि पंप लिहिलाय का बघा, बहुतेक वेळा तेच राहतं.

बारा_गेज

घोडी घेताय तर बॅटरीच्या वायरी लांब लागतील, तेव्हा जुन्याच जाडीच्या जोडून वाढवू नका. बारा व्होल्टवर करंट मोठा असतो, सांधा तापतो. एकसंध तुकडा, एक नंबर जाड, टोकांना दाबून बसवलेले तांब्याचे लग आणि त्यावर पेट्रोलियम जेली. आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या थेट वर नको, बाजूला.

पालिकेचा १९१६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ११२ हे तिन्ही नंबर फोनमध्ये असतातच, पण फोन मेल्यावर काय? मेन स्विचच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा, आणि त्याच्या खाली लिहा: 'आधी इन्व्हर्टर, मग मेन.'